पांगाऱ्याला साहेबाचं फळ

बार्शीहून पुण्याला निघालेल्या माणसाला लोक एकच विचारतात, दवाखाना की कॉलेज. मी एका चोरीचा पुरावा आणायला निघाले होते. चोर कधीच मरून गेला होता आणि चोरीला गेलं होतं ते एक नाव. एवढं सगळं स्टँडवर सांगत बसण्यापेक्षा मी "दवाखाना" म्हणून मोकळी झाले.

आमचा बार्शीत छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिकांवर पोट चालतं आणि पत्रकांवर बाबांचा जीव. गिरणीचा संप असो, पाण्याचा मोर्चा असो, पत्रक आमच्याकडेच छापलं जाई. मी अक्षरं शिकले ती पुस्तकातून नाही, वाळत घातलेल्या पत्रकांवरून. 'बंधूंनो' हा शब्द मला स्वतःच्या नावाच्या आधी वाचता येत होता. नाव बाबांनी ठेवलं, क्रांती. धाकट्याच्या वेळी आई आडवी आली, म्हणून तो नुसता सुरेश आहे. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती, यंत्राचं सील निघालं होतं आणि महिनाअखेरच्या मेळाव्यासाठी बाबांनी मला पहिल्यांदा माझं स्वतःचं पत्रक लिहायला दिलं होतं.

विषयही मीच निवडला होता. आमच्या पत्रकांवरची चित्रं, म्हणजे उगारलेली मूठ, मशाल, नांगर, पुण्याहून लाकडी ठोकळ्यांवर कोरून येत. ती कोरणारे रशीदचाचा चितारी बाबांचे जुने मित्र. त्यांचे पणजोबा इब्राहिम पुण्याच्या लष्कर भागातल्या एका गोऱ्या साहेबासाठी झाडाफुलांची चित्रं काढायचे. साहेबानं ती आपल्या नावावर विलायतेत छापून आणली. हे कळल्यावर इब्राहिमनं अर्धवट चित्रावरच ब्रश खाली ठेवला आणि साहेबाच्या बंगल्याकडे पुन्हा फिरकला नाही. ते अर्धं चित्र चाचांच्या घरी अजून आहे. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. माझ्या पत्रकाचं नाव होतं 'फूल आमचं, नाव त्यांचं', आणि मधोमध ठळक टाइपात एकच ओळ होती: इब्राहिमने ब्रश खाली ठेवला.

बाबांनी मसुदा वाचला आणि म्हणाले, "चित्र बघून ये. पत्रकातलं एक वाक्य खोटं निघालं, की बाकीची खरी वाक्यंसुद्धा त्याच्याबरोबर आत जातात."

म्हणून हा प्रवास.

लोणी काळभोर

सोलापूर रस्त्यावर एसटी पंक्चर झाली ती लोणी काळभोरच्या अलीकडे. ड्रायव्हर चाकाला भिडला आणि आम्ही सगळे सावली शोधत पांगलो. सावली कसली, फाल्गुनातले पांगारे. एक पान नाही आणि शेंड्याशेंड्याला लालभडक फुलं, वाघनखांसारखी वाकडी. त्यांच्यावर साळुंक्यांचं भांडण चाललं होतं. माझ्या पत्रकातलं फूल हेच. मला तो शुभशकुन वाटला, शकुनावर माझा विश्वास नसला तरी.

झाडं एका पानमळ्याच्या कडेनं लावलेली होती. मळ्यातले आजोबा आमच्या एसटीची फजिती बघत विडी ओढत होते.

"आजोबा, पांगारेच ना हे?"

"हाय की. दुसरं काय दिसतंय?"

"मुद्दाम लावलेत?"

"येल चढवाया. पांगारा काय खायाचा हाय?" ते म्हणाले. "आमी येक चढवतो, बाकीचे चार आपसूक चढत्यात. झाड बिचारं कुणाला नाय म्हनत न्हाई."

मला हे फार आवडलं. आमची माणसं झाडाला त्याच्या कामावरून ओळखतात आणि साहेब ओळखतो कागदावरून, असं एक वाक्य तिथल्या तिथे तयार झालं. एसटी सुरू झाली तेव्हा मी ते मनात घोळवत होते. हडपसर आलं, कारखान्यांच्या भिंती आल्या, सायकलींची रांग आली, तरी वाक्य सुटलं नव्हतं.

कर्वेनगर

मुक्काम आत्याकडे. कर्वेनगरात तिचं नवं घर आहे, आजूबाजूला अजून निम्मी शेतं. आत्याचे यजमान अण्णा सरकारी हिशेबखात्यातून निवृत्त झालेत. दार त्यांनीच उघडलं.

"क्रांती आली," त्यांनी आत वर्दी दिली. "एसटीनं आली, म्हणजे उशिरा का होईना."

आत्यानं पानात आमटी वाढली. पहिला घास घेतल्यावर मला वाटलं चुकून पुरणाचा कट वाढला. पुण्यात आमटीला गूळ घालतात हे ऐकून होते, पण इतका घालतात हे ठाऊक नव्हतं. आईनं दिलेली शेंगाचटणी मी पिशवीतून काढली. अण्णांनी चिमूटभर घेतली, पाणी प्यायले, पुन्हा पाणी प्यायले.

"तुमच्याकडे संप का होतात ते कळलं," ते म्हणाले.

जेवणानंतर त्यांनी माझा मसुदा मागून घेतला आणि चष्मा पुसून शांतपणे वाचला. मी कौतुकाची वाट बघत होते.

"या पानावर 'लुटारू' इतक्यांदा आलंय की मी दोनदा खिसा चाचपून पाहिला."

"पण खोटं आहे का त्यात काही, अण्णा?"

"ते तू बघायला आली आहेस ना? मग मला काय विचारतेस?"

आत्या आतून म्हणाली, "अहो, पोरगी आत्ता आलीय. जरा बसू द्या."

"बसलीच आहे. क्रांती बसली की काळजी वाटते, म्हणून बोलतोय."

गंज पेठ

आमच्या बार्शीत पत्ता विचारला तर माणूस हातातलं काम टाकून सोबत येतो, वाटेत तुमचं गाव, आडनाव आणि लग्न जमलंय का ते काढून घेतो. पुण्यात मी एकाला "गंज पेठ कुठे आली?" असं विचारलं, तर तो म्हणाला, "ती कुठे येत नाही. आपल्यालाच जावं लागतं." आणि गेला. मी तिथे चिडून उभी राहिले, आणि मग दिसलं की मी गंज पेठेतच उभी आहे.

रशीदचाचांच्या दुकानाला पाटी नाही. आख्ख्या गल्लीतल्या पाट्या त्यांनी रंगवलेल्या, त्यांच्याच दुकानाची फळी कोरी.

"चाचा, तुमचा बोर्ड?"

"जे येतात त्यांना माहीत असतं," ते म्हणाले. "जे येत नाहीत त्यांना बोर्ड दाखवून काय करू? बस बेटी. तुझ्या बाबांची मूठ झाली का गुळगुळीत? सांग त्यांना, नवीन कोरून देतो. इतकी वर्षं उगारून हातसुद्धा दुखतो माणसाचा."

दुकानाच्या मागेच घर. जुबेदाचाचींनी मटण घातलेला दालचा आणि भात केला होता, आणि वेगळी वांग्याची भाजीही, मी काय खाईन याचा अंदाज न आल्यामुळे. मी दोन्ही खाल्लं. दालच्यात चिंच होती, गूळ नव्हता. बार्शी सोडल्यापासून पहिल्यांदा जिभेला आपलं माणूस भेटलं.

मग चाचांनी भिंतीवरून तसबीर उतरवली. जाड, पिवळटलेला कागद. वरून तिरकी आलेली निष्पर्ण फांदी, तिच्या टोकाला फुलांचा घोस. लाल रंग इतका ताजा की बोट लावलं तर लागेल. एका बाजूला तीन दलांचं एक पान, त्याची एकेक शीर काढलेली. आणि खाली उजवीकडे, कागदाचा चौथा हिस्सा, काहीच नाही. कोरा.

"इथे ब्रश ठेवला," चाचा त्या कोऱ्या जागेवर हात धरून म्हणाले. "माझ्या वालिदनी मला असंच हात धरून दाखवलं होतं. म्हणाले, आपल्या घरात बहुत कुछ नाही, पण ही जागा आहे."

मग चाचा व्यवहाराचं बोलू लागले. ब्लॉक तेच कोरणार, लाकूड त्यांचं, हात त्यांचा. कोरी जागा कोरीच येईल आणि खाली पणजोबांचं नाव.

"छापून आलं पाहिजे एकदा," ते म्हणाले. "लोक म्हणतात चितारी म्हणजे बोर्डवाले. मी तोंडानं सांगतो तर हसतात. छापलेल्याला कोणी हसत नाही."

"सगळ्यालाच हसतात," चाचींनी आतून सांगितलं.

"तू हसतेस. लोक नाही हसत."

मी निघताना चाचांनी लाकूड रंधायला घेतलं होतं.

वाळलेल्या फुलांचं ऑफिस

तिथेच थांबले असते तर पत्रक वेळेवर आणि जसंच्या तसं निघालं असतं. पण मला साहेबाचं नाव हवं होतं. चोराला नाव नसलेलं पत्रक काय कामाचं? अण्णांनी सांगितलं की साहेबांनी गोळा केलेली झाडंझुडपं वाळवून ठेवलेलं एक सरकारी ऑफिस पुण्यात आहे. "जा. सगळं मेलेलं आहे, पण नीट लावलेलं आहे. आमच्या खात्यासारखं."

ऑफिसात शिरताच डांबरगोळ्यांचा वास नाकात बसला. लोखंडी कपाटांच्या रांगा आणि त्यांच्यामध्ये एका टेबलाशी डॉक्टर बर्वेबाई. पन्नाशीच्या, सुती साडी, केसात पेन्सिल. झाडं ओळखणं हेच त्यांचं काम. मी पत्रकाचा विषय सांगितला, जरा आवाज चढवूनच.

"आपला राग कोणावर आहे?" बाईंनी विचारलं. "म्हणजे कपाट उघडायला बरं."

"साहेबांवर."

"मग सगळीच उघडावी लागतील. कुठलं झाड?"

"पांगारा."

त्यांनी एक गठ्ठा टेबलावर आणला. प्रत्येक कागदावर एक वाळलेली फांदी चिकटवलेली, कोपऱ्यात झाडाच्या नावाची चिठ्ठी. काही कागदांवर तर एकाशेजारी एक अशा चार-चार चिठ्ठ्या होत्या.

"इतक्या का?"

"पहिल्यानं नाव दिलं. दुसऱ्याला वाटलं ते चुकलं, त्यानं आपली चिठ्ठी शेजारी लावली. मग तिसऱ्यानं."

"आणि चुकलेली काढत नाही?"

"कधीच नाही."

"गुलामीची नावं अजून चिकटवून ठेवली आहेत तुम्ही," मी म्हटलं. "स्वातंत्र्य मिळून इतकी वर्षं झाली. फाडून फेकायला काय हरकत आहे?"

बाई रागावल्या नाहीत. "फाडली तर कोण चुकलं होतं ते कसं कळणार? तुम्हाला पत्रक लिहायलासुद्धा काही उरायचं नाही."

मी इब्राहिमची गोष्ट सांगितली. ब्रश खाली ठेवला इथपर्यंत आले आणि बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. त्या उठल्या, आतल्या खोलीतून एक सपाट पेटी घेऊन आल्या आणि तिच्यातलं चित्र माझ्यापुढे ठेवलं.

तेच चित्र. तीच तिरकी फांदी, तोच घोस, तीन दलांचं तेच पान. फक्त खालचा उजवा कोपरा कोरा नव्हता. तिथे शेंगांचा एक झुबका होता, वाकड्या, जाडसर, सोनेरी केसांनी मढलेल्या शेंगा.

"अशा चित्रांच्या दोन प्रती करायचे," बाई म्हणाल्या. "एक साहेबाची, एक चितारी हाताशी ठेवायचा. आणि फळाची जागा नेहमीच कोरी सोडायचे. फूल फाल्गुनात येतं, पान पावसाळ्यात, फळ आणखी कधी. कागद एकच, म्हणून कागद थांबायचा. फळ आलं की भरायचं."

"म्हणजे त्यानं ब्रश ठेवला नाही?"

"ठेवला असेल. पुन्हा उचलला, हे दिसतंय."

बाबांचं वाक्य आठवलं. मग बाई म्हणाल्या, "तुम्ही गावाकडच्या ना? नीट बघा. हे फळ पांगाऱ्याचं आहे?"

मी शेंगा पाहिल्या. लहानपणी शेताच्या कुंपणावर ह्याच शेंगांपासून लांब राहायला आई ओरडायची.

"ही खाजकुइली आहे."

"खाजकुइली. पांगाऱ्यावर चढलेला वेल. पानंही तीन-तीन दलांचीच, त्यामुळे लांबून फसायला होतं. पांगाऱ्याच्या खऱ्या शेंगा पिकतात ऐन उन्हाळ्यात. आणि उन्हाळ्यात साहेब कुठे असायचा?"

"कुठे?"

"महाबळेश्वरला. सगळा लवाजमा घेऊन. चितारीसुद्धा. दरवर्षी फळ चुकायचं. मग हिवाळ्यात त्यानं कोणाला तरी धाडलं असणार, की त्या झाडावर जे लटकतंय ते घेऊन ये. आणलं. चितारीसमोर ठेवलं. त्यानं काढलं. साहेब म्हणाला, केसाळ शेंगांचा पांगारा, कोणी पाहिलाच नव्हता. नवीन जात. वरच्या साहेबाच्या बायकोचं नाव देऊन टाकलं." त्यांनी गठ्ठ्यातून त्याच झाडाच्या वाळलेल्या फांदीचा कागद काढून त्यावरच्या चिठ्ठ्या दाखवल्या. पहिली साहेबाची, झोकदार; मला हवं होतं ते नाव एकदाचं मिळालं. दुसरी दुसऱ्या एका गोऱ्याची, कोरडी: फूल पांगाऱ्याचं, फळ भलत्याचंच. तिसरी स्वातंत्र्यानंतरची, बाईंच्या गुरुजींची, त्यात खाजकुइलीचं नाव. "आमच्या धंद्यात हे चित्र माहीत असलेली माणसं आहेत. पण चूक म्हणूनच माहीत आहे."

वाळलेल्या फांदीशेजारी कागदाची एक पुडी चिकटवलेली होती. साहेबाच्या गाढवपणाचा पुरावा हाताशी आल्याच्या आवेशात मी ती उघडली आणि आतला शेंगेचा तुकडा बोटानं उलटवला.

"अहो, हात नका लावू," बाई म्हणाल्या. "ती म्हातारी झाली तरी स्वभाव तोच आहे."

उशीर झाला होता.

तिथून निघाले तेव्हा बोटांची आग होत होती आणि डोक्यात त्याहून जास्त. साहेब मूर्ख ठरला, हे तर छानच. पण इब्राहिम? पुण्यात जन्मलेल्या माणसाला पांगारा आणि खाजकुइली कळली नसेल? कळली असेल तर गप्प का बसला? भीतीनं, की मुद्दाम? शेंगा आणणाऱ्या गड्यानं थट्टा केली, की सांगितलेलं निमूट ऐकलं? झाडावर जे लटकतंय ते आण, आणि त्यानं तेच आणलं. आज्ञापालन म्हणावं तर आज्ञापालन, बंड म्हणावं तर बंड. इतकी वर्षं मी राग अगदी घडी घालून बरोबर नेत आले होते. आता तो कोणाच्या दारात ठेवायचा तेच कळेना.

पुन्हा गंज पेठ

चाचांना सांगायचं की नाही, हे बसमध्ये मी दोनदा उलटसुलट ठरवलं. न सांगता बार्शीला निघून जाता आलं असतं. अर्धं चित्र खरं होतं, कोरी जागा खरी होती, बर्वेबाई काही बार्शीचं पत्रक वाचायला येणार नव्हत्या. हे माझ्या मनात आलं, आणि पत्रकातला 'लुटारू' शब्द आठवून कसंतरी झालं.

चाचा ठोकळ्यावर फांदी कोरत होते. चाचींनी चहा दिला. मला कपबशी धरवेना, एका हातानं दुसरा खाजवत बसले.

"का गं," चाची सहज म्हणाल्या, "साहेबाचं फळ लागलं काय?"

"काय म्हणालात?"

"असंच म्हणतात आमच्या घरात. पोरं चुळबुळ करायला लागली, अंग खाजवायला लागली, की सासूबाई म्हणायच्या, साहेब का फल लगा क्या. त्यांच्या सासूबाईसुद्धा म्हणायच्या."

"का म्हणतात?"

"आता का म्हणतात ते कोण विचारतं?"

चाचांनी हत्यार खाली ठेवलं. ते माझ्या हाताकडे बघत होते. मग मी सगळं सांगितलं. फळाची कोरी जागा, महाबळेश्वर, खाजकुइली, चिठ्ठ्या. सांगून झालं तेव्हा चाची पदर तोंडाला लावून हसत होत्या. चाचा हसत नव्हते.

"म्हणजे तो परत गेला," ते म्हणाले.

"हो, चाचा."

"आणि चूक काढली."

"चूक कोणाची ते कळत नाही."

"चित्रात आहे ना? चित्र कोणी काढलं?" त्यांनी ठोकळा उलटा करून ठेवला. "वालिद गेले तेव्हा त्या कोऱ्या जागेवर हात ठेवून गेले, बेटी. तू ती भरून आणलीस. ती पण खाजकुइलीनं."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. मग चाचा म्हणाले, "दाखव मला. उद्या."

अण्णांनी दार उघडलं तेव्हाही मी हात चोळतच होते. आत्यानं काय झालं विचारलं, आणि अण्णा माझ्याआधी बोलले, "काही नाही. क्रांतीला खाज सुटली आहे. होतं असं." मग आत जाऊन त्यांनी खोबरेल आणून दिलं.

सकाळी रशीदचाचा धुतलेला शर्ट घालून बाईंच्या ऑफिसात आले. काखेत ती तसबीर, जुन्या चादरीत गुंडाळलेली. बर्वेबाईंनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली. बाई शिरा बघत होत्या, फांदीचा कोन बघत होत्या. चाचा फक्त शेंगा बघत होते. भिंग मागून घेतलं आणि कागदावर वाकले ते वाकलेच.

"हे केस बघ," ते मला म्हणाले. "एकेक वेगळा. एका केसाच्या ब्रशनं काढलाय एकेक केस. खाली सावली पण आहे. फुलाला एवढी मेहनत नाही घेतली त्यानं. हात खाजत असणार, आणि बघ, रेघ कुठे हलली नाही."

"त्यांना माहीत होतं का हो, हे पांगाऱ्याचं नाही?" बाईंनी विचारलं. त्यांनाही ते खरोखरच हवं होतं.

चाचा सरळ झाले. "बाई, मी सर्कशीचा बोर्ड रंगवत होतो. मालक म्हणाला, वाघाला आयाळ काढ. मी म्हटलं, आयाळ सिंहाला असते. तो म्हणाला, तिकिटं तू विकणार की मी? काढली."

"मग तुम्ही घाबरलात, की त्याची मजा केलीत?" मी विचारलं. मला अजूनही आशा होती.

"मी आयाळ काढली," चाचा म्हणाले. "आणि फार सुंदर काढली."

बाईंनी एक कोरी चिठ्ठी घेतली. साहेबानं चित्राखाली नुसतं 'देशी चितारी' लिहून ठेवलं होतं. बाईंनी लिहिलं: चित्रकार इब्राहिम, पुणे, कुटुंबाकडील अपुऱ्या प्रतीवरून. लिहिताना त्यांचा हात जरा घाईत होता. डिंक लावून त्या चिठ्ठी चिकटवायला गेल्या तशी मी म्हटलं, "ते 'देशी चितारी' तरी आता काढा."

"नको," माझ्याआधी चाचा म्हणाले. "राहू दे. शेजारी लावा. लोकांना कळू दे, आधी काय लिहिलं होतं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचे उपकार मानते.

दुकानावर आल्यावर चाचांनी ठोकळा सरळ केला. पणजोबांचं नाव त्यांनी उलट्या अक्षरांत कोरलं, न लिहिता, एका दमात. मी म्हटलं, खाली तुमचंही नाव घाला, ब्लॉक तुम्ही कोरलात.

"माझी चूक अजून कोणाला सापडलेली नाही," ते म्हणाले. "सापडली की घाल." मग हत्याराचं टोक खालच्या उजव्या कोपऱ्यावर आणून थांबले. "बोल. इथे काय करू? कोरून काढलं तर जागा पांढरी येईल, तुझ्या जुन्या गोष्टीसारखी. शेंगा काढल्या तर बाईंच्या गोष्टीसारखी."

गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला. चाचींनी विचारलं जेवून जाणार का.

"मला माहीत नाही, चाचा."

त्यांनी मान डोलावली, लाकडाचा भुसा फुंकला आणि तो कोपरा तसाच ठेवून ठोकळा कागदात गुंडाळला.

बार्शी

परतीच्या एसटीला लोणीला थांबा नव्हता. पांगारे खिडकीतून मागे गेले. त्यांच्यावर चढलेल्या वेलांत पानवेल कुठली आणि बाकीचे कुठले, हे धावत्या गाडीतून ओळखायचा मी प्रयत्न केला, जमलं नाही. मळ्यातल्या आजोबांवरून तयार केलेलं वाक्यही आता वापरता येत नव्हतं. कामावरून ओळखणाऱ्यांनीच साहेबाला खाजकुइली आणून दिली होती, आणि कागदवाल्यांनीच ती पकडली होती.

पत्रकाचं नाव तेच ठेवलं. चोरी झाली ती झालीच. नाव नेलं ते नेलंच. 'लुटारू' एकदाच ठेवला, नेमक्या जागी. ठळक टाइपातली ओळ मी स्वतः खिळे काढून पुन्हा जुळवली: इब्राहिमने ब्रश पुन्हा उचलला. त्याखाली खाजकुइलीची हकीकत, जशी कळली तशी.

पहिला कागद निघाला तो बाबांनी उजेडात धरला. फांदी सुरेख उमटली होती, फुलं उमटली होती, इब्राहिमचं नाव उमटलं होतं. आणि खाली उजवीकडे, कागदाचा चौथा हिस्सा, काळाकुट्ट ठप्पा. न कोरलेलं लाकूड.

"हा डाग कसला?" बाबांनी विचारलं. शाईचा एक ठिपका इकडे तिकडे गेला तर ते अख्खा गठ्ठा बाद करतात.

"फळ आहे."

"कुठलं?"

"ते ठरलेलं नाही."

"मग पत्रक काय म्हणतंय?"

"काय झालं ते म्हणतंय. का झालं ते मला कळलेलं नाही, बाबा. चाचांनाही नाही, बाईंनाही नाही."

चौकट सैल करून बाबांनी ठोकळा बाहेर काढला, अंगठ्यानं तो न कोरलेला कोपरा चाचपला. मला वाटलं आता ते पटाशी घेऊन तो तासून टाकणार. त्यांनी अंगठ्याची शाई पंचाला पुसली, ठोकळा पुन्हा चौकटीत बसवला, पाचर ठोकून घट्ट केला आणि यंत्राच्या ट्रेडलवर पाय ठेवला.